तिची सायकल, माझी सिगारेट

आमच्या लग्नाला सात महिने झाले होते आणि आम्ही दोघंही सरकारी नोकर होतो. ती माणसांची, मी जनावरांचा. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका मोठ्या खेड्यात ती आरोग्य उपकेंद्रावर नर्स होती आणि त्याच गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी स्टॉकमन, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस, होतो. गावात मला सगळे डाक्टर म्हणायचे आणि तिला बाई. कुणी घाईघाईनं यायचा आणि दारातूनच सांगायचा, "घरात अडलीया." आम्ही दोघं एकदमच विचारायचो, "कोण?" म्हैस असली तर मी उठायचो, सून असली तर ती.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही हकिगत. मी तेव्हा सिगारेट ओढायचो. शिकताना लागली नव्हती, नोकरीत लागली. पहिल्याच पावसाळ्यात एका बैलाच्या जखमेतले किडे काढायची वेळ आली. टर्पेंटाइनचा बोळा जखमेत घातला की किडे वर येतात आणि मग चिमट्यानं एकेक वेचावे लागतात. वास असा, की मी दोनदा उठून कुंपणापाशी गेलो. तेव्हा बैलाच्या मालकानं विडी पेटवून दिली आणि म्हणाला, "धूर नाकात ठिवा, वास येत न्हाई." खरंच आला नाही. पुढं विडीची सिगारेट झाली, आणि जखम असो नसो, वास असो नसो, दिवसाला वीस-बावीस होऊ लागल्या.

लग्नानंतर बायको याबद्दल एकदाच बोलली. माझा सदरा धुवायला टाकताना म्हणाली, "तुमच्या कपड्यांना दोनच वास आहेत. टर्पेंटाइनचा आणि सिगारेटचा. काडी ओढताना जपून." मी हसलो, तीही हसली, आणि विषय तिथंच राहिला.

मार्गशीर्षात एका दुपारी एस.टी.च्या टपावरून लेडीज सायकल उतरली. हिरवीगार, नवी कोरी, हँडलला अजून कागद गुंडाळलेला, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. कंडक्टरनं वरूनच हाक दिली, "नर्सबाईंची सायकल." उपकेंद्राखाली पाच गावं आणि सात-आठ वस्त्या होत्या. ही सगळी वाट बायको पायी तुडवायची. वरच्या ऑफिसनं काही नर्सना सायकली दिल्या होत्या, त्यातली एक हिच्या वाट्याला आली होती. स्टँडपासून घरापर्यंत ती आणायला पंधरा-वीस माणसं आली. सायकल एकानंच धरली होती, बाकीचे सोबतीला. बाईमाणसाची सायकल आमच्या गावात कुणी पाहिलेली नव्हती. एक म्हातारा तर वाकून वाकून बघत होता. नळीच न्हाई मधी, मोडून पडंल की, असं त्याचं म्हणणं होतं.

घरापाशी आल्यावर कुणीतरी म्हणालं, "बाई, बसून दावा की."

बायको शांतपणे म्हणाली, "आज शनिवार आहे. नवं वाहन शनिवारी काढू नये."

हे सगळ्यांना पटलं. शनीच्या जिल्ह्यात राहणारी माणसं, न पटून सांगतात कुणाला? मंडळी पांगल्यावर मी विचारलं, "तू कधीपासून वार पाळायला लागलीस?"

"मला सायकल येत नाही," ती म्हणाली.

तिचं माहेर कोपरगावकडचं. घरात थोरल्या भावाची सायकल होती, पण हिच्या वाट्याला ती पुसण्यापुरतीच आलेली. ऑफिसनं फॉर्म पाठवला तेव्हा 'सायकल चालवता येते काय' या रकान्यात तिनं 'होय' लिहिलं होतं.

"अगं पण का?"

"नाही लिहिलं असतं तर मिळाली असती का?"

सायकलीबरोबर एक कागद आला होता. महिन्याभरानं मोठे डॉक्टर तपासणीला येतील, सायकल वापरात नसेल तर ती दुसऱ्या केंद्राला देण्यात येईल. कागद तिनं दोनदा वाचला, घडी घालून डब्याखाली ठेवला आणि मला म्हणाली, "उद्या पहाटेपासून तुम्ही मला शिकवा."

माझ्या दवाखान्यामागं मोकळा माळ होता. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास आम्ही तिथं गेलो. ट्रंकेतली तिच्या आईची जुनी नऊवारी तिनं काष्टा घालून नेसली होती. सहावारीत पाय फाकत नाहीत म्हणे. मी सीट मागून धरली, ती बसली, पायडल मारलं, आणि मी पळू लागलो. पंधरा पावलं झकास गेली. तिसाव्या पावलाला छातीत काहीतरी घरघरलं. चाळिसाव्या पावलाला असा खोकला आला, की मी सीट सोडून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. सायकल आपल्या मनानं थोडी पुढं गेली, वळली आणि बायकोसकट बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात शिरली.

मी खोकत खोकत तिकडं निघालो, पण तीच आधी माझ्यापाशी आली. पदराला काटे, कोपराला खरचटलेलं. तिनं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं बघत नाडी मोजली.

"पडलीस तू," मी म्हणालो, "आणि नाडी माझी काय बघतेस?"

"एकशे चाळीस," ती म्हणाली. "चाळीस पावलं पळलात. म्हणजे सायकल मला येत नाही आणि पळता तुम्हाला येत नाही."

मग ती दगडावर बसली आणि पदरातले काटे उपटत उपटत तिनं करार मांडला. एक महिना आहे. त्या महिन्यात तिनं सायकल शिकायची आणि मी सिगारेट सोडायची. मी ओढली तर ती सायकल परत पाठवणार. ती शिकली नाही तर मी खुशाल ओढावी, ती जन्मात कधी नाव काढणार नाही.

"रडून-ओरडून कुणी काही सोडत नाही," ती म्हणाली, "मी बघते ना रोज. पण दोघांनी मिळून केलं तर जमेल असं वाटतं मला."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला वाटलं, ही काही शिकत नाही. घरी आल्यावर तिनं पाकीट मागितलं नाही. मीच काढून दिलं. तिनं ते अख्खं चुलीत टाकलं आणि त्याच जाळावर चहा ठेवला.

पहिला दिवस नवलाईत गेला. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्यानं बैलाचं वय सांगताना दोनदा बदललं, म्हणून मी त्याच्यावर असा ओरडलो की बैलानंच दावं तोडलं. हात सारखा खिशाकडं जायचा. जेवण झालं की हात खिशात, फोन वाजला की हात खिशात, आणि आमच्या दवाखान्यात तर फोनही नव्हता, पोस्टातला वाजायचा.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, "हे माझ्यानं होत नाही."

"किती वेळ होत नाही?"

"म्हणजे?"

"ओढावीशी वाटते ती किती वेळ वाटते? घड्याळ बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. तिनं सांगितलं, उद्या बघा. कळ यायच्या वेळी बाईला वाटतं ही कळ आता जन्मभर राहणार, पण ती येते आणि जाते, आम्ही तिच्या उशाशी बसून तेवढंच सांगत असतो. दुसऱ्या दिवसापासून मी दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला लागलो. तलफ आली की वेळ बघायची, माठातलं पाणी प्यायचं आणि लिंबाची फोड मीठ लावून चोखायची. आमच्या भागात लिंबाच्या बागा, लिंबाला तोटा नव्हता. चार मिनिटं. कधी पाच. एकदा सात झाली, पण तेव्हा समोर खाटकाचा बोकड होता आणि त्याचा मालक ऐन तोंडावर धूर सोडत होता. रोज संध्याकाळी मी तिला सांगायचो, आज अकरा कळा आल्या. ती विचारायची, "पाळण्यात काय?" आणि आम्ही खोखो हसायचो.

स्टँडवर एका मामाची पानविडीची टपरी होती. मामा म्हणजे गावाचाच मामा, पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ आणि पुढ्यात तंबाखूचे डबे. मी त्याचं बांधलेलं गिऱ्हाईक. चौथ्या दिवशी बायको सायकल हातात धरून त्याच्याकडं गेली. मी तेव्हा समोरच एस.टी.तून औषधांची पेटी उतरवून घेत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"मामा, यांनी सिगारेट सोडलीय. मागितली तर द्यायची नाही."

"बाई, माजा धंदा हाय ह्यो."

"धंदा चालू द्या. एक माणूस सोडून बाकी गाव आहेच."

"आन् त्येंनी मागितली तर? मानसाला न्हाई कसं म्हनायचं?"

"मला येऊन सांगायचं. मी सायकलवर येईन."

मामानं सायकलीकडं बघितलं, मग तिच्या खरचटलेल्या कोपराकडं बघितलं. "सायकलीवर येनार म्हंता," तो म्हणाला, "मग आमाला लई दिस वाट बघावी लागंल."

मला वाटलं, आता ही चिडणार. ती हसत सुटली. मामाही हसला, आणि त्या क्षणी तो आमच्या बाजूचा झाला. इतका झाला की पुढं त्याचा जाच होऊ लागला. मी साधी काडेपेटी मागायला गेलो तर म्हणाला, "पेटी कशाला पायजे? चूल बाई पेटवत्यात." मग डब्यातनं दोन लवंगा काढून हातावर ठेवल्या. आणि टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ही बातमी दिली. आठवड्याभरात पाचही गावांना कळलं, की डाक्टरनं सिगारेट सोडली आणि बाई सायकल शिकती, आणि यातलं एक झालं न्हाई तर दुसरं हुनार न्हाई.

मला आधी लाज वाटली. मग मजा वाटायला लागली, कारण लोक मला खायला घालू लागले. कारखान्याचा सीझन चालू होता. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. गाडीवान लांबून मला बघायचे आणि कांडं उपसून फेकायचे. "डाक्टर, चगळा. तोंड गप बसंल." बैलाच्या तपासणीला गेलो की आधी हुरड्याचं निमंत्रण. एक आजीबाई रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर पदरातली बोरं ओतून जायच्या. त्यांच्याकडं एकही जनावर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्यानं बी सोडली हुती. बोरांवर काढले त्यानं दिस." म्हातारा सोडून किती टिकला ते मी विचारलं नाही.

याच दिवसांत मला वास यायला लागले. एका संध्याकाळी जेवताना मी बायकोला म्हणालो, "आज पिठल्यात काय वेगळं घातलंस?" ती म्हणाली, "काही नाही. सात महिने हेच घालतेय." मी तीन वेळा घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केस पुसून पंचा झटकला, तर त्यातून शिकेकाईचा वास आला आणि मी कामावर अर्धा तास उशिरा पोचलो.

सायकलचं मात्र काही खरं नव्हतं. रोज पहाटे मी पळत होतो. चाळीस पावलांची साठ झाली, साठाची शंभर झाली. पण मी हात सोडला की ती खाली बघायची, आणि खाली बघितलं की पडायची. दहा दिवसांनी तिनं मला सांगितलं, "आता पहाटे तुम्ही येऊ नका. मी फेरीला जाताना वाटेत एकटीच शिकते, तुम्ही बघत असलात की मला भीती वाटते." मग रोज संध्याकाळी ती सांगायची, आज ओढ्यापर्यंत गेले, आज वस्तीपर्यंत गेले. मला अभिमान वाटायचा. मी मामाला सांगायचो, मामा गावाला सांगायचा.

चौदाव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या गावात एक म्हैस अडली. रेडकाची मान मागं वळलेली. सकाळी गेलो तो सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी आडवा पडून, हात कोपराच्या वर आत घालून ती मान सरळ करत होतो. शेवटी रेडकू बाहेर आलं. मला वाटलं मेलेलं आहे. मालकानं त्याच्या नाकात काडी घातली, तोंडावर पाणी मारलं, आणि ते शिंकलं. मालक रडायला लागला. मी भिंतीला टेकून बसलो. त्या माणसानं विडी पेटवली, एक झुरका मारला आणि मायेनं माझ्या ओठात ठेवली. माझे दोन्ही हात भरलेले होते. मी ती ओढली. सगळी, चटका बसेपर्यंत.

परत येताना मला माझ्या जुन्या सायकलीचं पायडल मारवेना. विडीनं नाही, लाजेनं. घरी आलो तर बायको ओट्यावर बसली होती. तिचंही तोंड उतरलेलं.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"मलाही तुम्हाला सांगायचंय."

"मग तू सांग."

"आधी तुम्ही."

असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी तीच बोलली. गेले चार दिवस ती सायकलवर बसलीच नव्हती. गावाबाहेर पडली की उतरायची, म्हणजे चढायचीच नाही, आणि पाच पाच मैल सायकल हातानं ढकलत न्यायची. पुढचं गाव जवळ आलं की घाम पुसायची आणि घंटी वाजवत आत शिरायची. वाटेत एक मेंढपाळ रोज भेटायचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, पंक्चर झाली का?" ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो बिचारा कुठूनतरी पंप घेऊन बसला होता. तिनं भरलेल्या चाकात हवा भरून घेतली. चौथ्या दिवशी, म्हणजे आज, तो म्हणाला, "ही सायकल माघारी धाडा बाई. रोज पंक्चर हुनारी सायकल म्या तरी बघितली न्हाई."

मी हसायला लागलो. ती रागानं म्हणाली, "हसू नका, तुमचं सांगा."

मी सांगितलं. म्हैस, रेडकू, काडी, शिंक, विडी. "माझे हात भरलेले होते गं," मी म्हणालो.

"तोंड तर मोकळं होतं ना. नको म्हणायला हात लागत नाहीत."

मग तीही हसायला लागली. आम्ही ओट्यावर बसून इतके हसलो की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. मला पोटात कळ यायला लागली. ती पदरात तोंड खुपसून मधेच म्हणायची, "पंप घेऊन बसला होता हो," आणि पुन्हा सुरू.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "आता कराराचं काय? मी ओढली, तू शिकली नाहीस. दोघंही हरलो."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मूल चालायला लागतं," ती म्हणाली, "चार पावलं टाकतं आणि पडतं. म्हणून कुणी त्याला म्हणतं का, आता पुन्हा पहिल्यापासून रांग? तेरा दिवस झालेत तुमचे. ते कुठं गेले नाहीत. उद्या पंधरावा."

"आणि तुझा?"

"माझा उद्या पहिला. पण तुम्ही या मागं पळायला. आणि आजपासून थापा बंद. काय झालं असेल ते संध्याकाळी सांगायचं, दोघांनी."

त्या दिवसानंतर मला सोपं गेलं. तलफा येतच होत्या, पण कुणालातरी खरं खरं सांगायचंय, आणि सांगितल्यावर तो माणूस तोंड फिरवणार नाही, हे ठाऊक असलं की अंगातला ताण कमी होतो. दोनदा विडी हातात घेऊन परत दिली. संध्याकाळी तेही सांगितलं. तिनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली, जशी मी रेडकाच्या मारतो.

महिना संपत आला होता तेव्हा एका बाजाराच्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला, उन्हं वर आली होती. आदल्या रात्री माळावर कुणीतरी मेंढ्या बसवल्या होत्या, म्हणून घरासमोरच्या उतारावर सराव करू असं ठरलं. ती ओट्यावरून सीटवर बसली, मी सीट धरली, आणि उतारावर सायकलनं जोर धरला. मी पळत होतो. वेशीपाशी माझा हात सुटला. ती खाली बघेल, पडेल, म्हणून मी वाट बघत होतो. तिनं खाली बघितलंच नाही. ताठ मानेनं सरळ बाजारात शिरली.

मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात लक्षात आलं, की महिनाभर आम्ही फक्त बसायचं आणि चालवायचं शिकत होतो. उतरायचा प्रसंग कधी आलाच नव्हता. ती पडायची, तेच उतरणं.

बाजाराच्या मधोमध मारुतीच्या देवळापुढं पार होता. तिनं त्याला एक फेरी घातली. मी मागं धावत. दुसरी फेरी घातली. लसीकरणाची सूचना द्यावी तशा आवाजात ती सांगत होती, "सरका जरा. मला उतरता येत नाही. सरका." भाजीवाल्या पाट्या मागं ओढत होत्या. कुणी म्हणालं ब्रेक दाबा, कुणी म्हणालं पाय टेका, कुणी म्हणालं मारुतीचं नाव घ्या. ब्रेक तिला ठाऊक होता, पण ब्रेक दाबला की पडते एवढंच तिला माहीत, आणि इतक्या लोकांपुढं तिला पडायचं नव्हतं. तिसऱ्या फेरीला मामा टपरी सोडून माझ्या शेजारून पळायला लागला. चौथ्या फेरीला त्यानं नाद सोडला आणि पारावर बसून धापा टाकू लागला. आता बाजार हसत होता. तीही हसत होती, आणि हसताना हँडल डगडगत होतं.

"अहो," तिनं मागं न बघता हाक मारली, "मी त्या कडब्यावर जाते."

पलीकडं एकानं कडब्याच्या पेंढ्या विकायला रचून ठेवल्या होत्या. तिनं पाराची वाट सोडली, नेम धरला आणि सायकलसकट त्या ढिगात घुसली. मला थांबता आलं नाही. मीही तिच्या मागोमाग. वरून चार-पाच पेंढ्या आमच्या डोक्यावर पडल्या. आत अंधार, कडब्याचा गोड वास, आणि ती हसत हसत म्हणत होती, "आली. मला सायकल आली."

बाहेर काढल्यावर मामा आला. त्याचा स्वतःचा दम अजून बसला नव्हता. माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "डाक्टर, घरापासनं पळताय तुमी. खोकला आला न्हाई."

खरंच आला नव्हता. माझ्या ध्यानातच नव्हतं. बायकोनं लगेच माझं मनगट धरलं, पण घड्याळ कडब्यात पडलं होतं, म्हणून नाडी मोजायची राहिली. ज्याचा कडबा होता तो मात्र शांतपणे पेंढ्या पुन्हा रचत होता. रचून झाल्यावर तिला म्हणाला, "बाई, पुढल्या बाजारी बी हितंच ठिवतो."

मोठे डॉक्टर जीपमधून आले तेव्हा तिनं उपकेंद्राच्या ओट्यावरून सायकलवर बसून त्यांना एक लांब चक्कर मारून दाखवली आणि पुन्हा ओट्यालाच येऊन टेकली. डॉक्टर खूश झाले. जमिनीवरून चढायला आणि जमिनीवर उतरायला तिला येत नव्हतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढं कितीतरी दिवस तिला ओटाच लागायचा. पाचही गावांत तिचे ओटे ठरलेले असत, आणि ओढ्यापाशी एक मोठा धोंडा. बाई येताना दिसली की बायका ओट्यावरची धुणीभांडी बाजूला सारायच्या.

महिना संपला त्या संध्याकाळी करारही संपला. मी आता मोकळा होतो. तिनं विचारलं, "मग?" मी म्हणालो, "उद्याचा दिवस बघू." ते उद्याचे दिवस बघता बघता वर्ष झालं. पुढच्या काळात दोनदा घसरलो, दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं. दुसऱ्यांदा तिनं नुसतं विचारलं, "चव कशी होती?" मी म्हणालो, "घाण." आणि ते खरं होतं.

पुढल्या वर्षी पाऊस पडला नाही. ती रस्त्यांच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांना बघायला जायची, मी गुरांच्या छावणीवर असायचो. तिथं दिवसभर धूळ, हंबरणं आणि माणसांची सुकलेली तोंडं. हाती काही नसलं की माणूस विडी पेटवतो, आणि सगळ्यांच्याच हाती काही नव्हतं. त्या दिवसांत मला फार जड गेलं. पण दिवस कलला की छावणीच्या रस्त्यावर घंटी ऐकू यायची. माणसं मला म्हणायची, "जावा डाक्टर, बाई आल्या." मी माझी सायकल काढायचो आणि आम्ही बरोबर घरी निघायचो. ती दिवसभराचं सांगायची, मी दिवसभराचं सांगायचो, आणि गाव मैलभर राहिलं की आमच्यात न बोलता शर्यत लागायची. चढावर मी पुढं असायचो. उतारावर ती ब्रेकला हातही लावायची नाही.